मुकादम चांगला असून भागत नाही

दसरा जवळ आला की धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यातल्या ईटच्या आसपास, आणि तसं पाहिलं तर बालाघाटाच्या साऱ्याच माथ्यावर, दोन प्रश्न विचारले जातात. यंदा कुठल्या कारखान्याला? आणि कोणाच्या टोळीत? पहिल्याचं उत्तर सांगली असो, कोल्हापूर असो नाहीतर कर्नाटक, त्यावर फार कोणी डोकं शिणवत नाही. ऊस सगळीकडे सारखाच तोडायचा असतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र घराघरांत खल होतो. कारखान्याचा चेअरमन अख्ख्या हंगामात एकदाही दिसणार नसतो; मुकादम रोज दिसणार असतो. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठवताना तो हाक मारतो की शिवी देतो, कोपीत पोर तापानं फणफणलं तर दवाखान्याला पैसे काढून देतो की ‘आधी खेप भरा’ म्हणतो, बायाबापड्यांशी कसा बोलतो, याची माहिती लोकांकडे चोख असते. ‘माणूस बराय.’ ‘तोंडाचा फटकळ, पण हिशेबाला सरळ.’ ‘गोड बोलून हिशेबाच्या पट्टीत मारतो.’ मोठ्या कंपन्या सल्लागारांना पैसे मोजून साहेबांविषयी कर्मचाऱ्यांची जी मतं मागवतात, ती इथं पारावर फुकट मिळतात आणि पुष्कळ जास्त खरी असतात.

वरचा माणूस कसा वागतो यावर खालच्याचं समाधान अवलंबून असतं, हे या लोकांना कोणी शिकवायला नको. व्यवस्थापनशास्त्राने तेच जरा उशिरा आणि जरा दिमाखात सांगितलं. १९३८-३९च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली आणि गटांवर तीन तऱ्हेची मोठी माणसं नेमली. एक नुसते हुकूम सोडणारा, एक मुलांना विचारून ठरवणारा आणि एक काहीच न ठरवणारा. हुकूम सोडणाऱ्याच्या गटात तो समोर असेपर्यंत काम जोरात चाले आणि तो खोलीबाहेर पडला की थंडावे. विचारून चालणाऱ्याच्या गटात तो गेल्यावरही हात चालू राहत. मुलांना आवडला तोही बहुतांशी हाच. त्यातून निघालेले तीन कप्पे आजही व्यवस्थापनाच्या वर्गात पहिल्या सत्रात शिकवले जातात.

वर्गात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की ती मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जात होती. मुखवटा अर्धा राहिला म्हणून कोणाच्या बापाच्या अंगावर बाकी निघत नव्हती. आणि जी मोठी माणसं नेमली होती, त्यांच्याकडे वरून कोणी टनाचा हिशेब मागत नव्हतं. त्यांना हवी ती शैली घेता आली, कारण प्रयोगच तसा रचला होता. खऱ्या कामाच्या जागी मधल्या माणसाला ही मोकळीक फार क्वचित मिळते. वरच्याने त्याच्या हातात काय दिलं आहे आणि खालच्याच्या अंगात ‘नाही’ म्हणायचं बळ किती आहे, या दोन गोष्टींवर त्याचं वागणं ठरतं. म्हणून साहेबाच्या शैलीवर कामाच्या समाधानाचा सारा भार टाकणारी चर्चा मला मुळातच उलटी वाटते.

ऊसतोडीच्या मुकादमाचंच घ्या. हंगामाआधी तो कारखान्याच्या तोडणी-वाहतूक यंत्रणेकडून किंवा वाहनमालकाकडून लाखोंची उचल घेतो आणि कोयत्यांमध्ये वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. जोडीला पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत उचल मिळते. त्यात बहिणीचं लग्न होतं, दवाखान्याची उधारी फिटते, घरावरचा पत्रा बदलतो, आणि कोयता हातात घेण्याआधीच पैसा संपलेला असतो. मग तो तोडून फेडायचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि टनाचा दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. कसलेली जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरू. दोघांचे मिळून झाले ७३२ रुपये, त्यातही पहाटेची तोडणी, मोळ्या बांधणं आणि डोक्यावरून वाहून गाडी भरणं आलं. एक लाखाची उचल फिटायला २७३ टन लागतात. एकही खाडा न करता रोज दोन टन पडले तर १३७ दिवस. अलीकडे कित्येक कारखान्यांचा हंगाम तेवढाही चालत नाही. आणि या हिशेबात पोटासाठी मधेमधे घेतलेली खर्ची अजून धरलेलीच नाही. उसाच्या शेंड्याचं वाढं विकून चार पैसे सुटतात, ते तेल-मिठाला जातात. उरलेली बाकी पुढच्या वर्षावर फिरते आणि माणूस त्याच टोळीत परत येतो.

आता या हिशेबात मुकादमाला उभा करा. त्याला तोडणीच्या रकमेवर वीस टक्क्यांच्या घरात कमिशन मिळतं, पण वाटलेल्या उचलीची जोखीम त्याच्या बोकांडी असते. कोयता हंगामात निघून गेला तर कारखाना किंवा वाहनमालक पैसे मुकादमाकडेच मागतो. यात जमिनी विकलेले मुकादम मराठवाड्यात शोधायला लांब जावं लागत नाही. तो स्वतः बहुतेकदा कालचा तोडणारा असतो, त्याच गावचा, त्याच भावकीतला. अधिकार म्हणावा असा काहीच त्याच्याकडे नाही. तो दर वाढवू शकत नाही, सुट्टी देऊ शकत नाही, फडात पाणी आणि कोपीला दिवा आणू शकत नाही. त्याच्याजवळ दोनच हत्यारं उरतात: नात्याची भीड आणि धाक. कोणी पहिलं जास्त वापरतो, कोणी दुसरं. आपण त्याला शैली म्हणतो. अशा माणसाला संवादकौशल्याच्या शिबिराला बसवलं, तर तो तिथं शिकलेलं गोड बोलणं इमानाने वापरील, आणि पट्टीच्या दिवशी आकडा तोच राहील.

कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत. मुकादम म्हणतो, मी कुठं मालक आहे? दोघंही कागदावर खरं बोलतात. अख्खा हंगाम ज्याच्यासाठी राबायचं तो मालकच कुठे सापडत नाही, आणि शैलीच्या सगळ्या पुस्तकांनी मात्र मालक, साहेब, वरिष्ठ कोणीतरी समोर बसलेला आहे हे गृहीत धरलेलं असतं.

गंमत अशी की टोळीकडे निव्वळ कामाची रचना म्हणून पाहिलं तर ती हेवा वाटावी अशी आहे. १९५३ साली लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथं स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हतं. एका शेडमधल्या २२४ मागांवर माणसं निरनिराळ्या कामांत विखुरलेली होती. कोण कोणाबरोबर काम करतो याचा मेळ नव्हता. राइसनी सुचवलं की ठरावीक मागांची जबाबदारी एकेका छोट्या गटाकडे सोपवा. कामगारांनी कल्पना उचलली आणि आपले सोबती आपणच निवडून सात-सात जणांचे गट जुळवले. उत्पादन वाढलं, खराब निघणारं कापड कमी झालं. पुढे सत्तरच्या सुमारास त्याच संस्थेचे एरिक मिलर पुन्हा पाहायला गेले तेव्हा एका ठिकाणी गटपद्धत तग धरून होती आणि बाकी ठिकाणी गाडी जुन्या वळणावर गेली होती. हा प्रयोग जगभर गाजला. ऊसतोडीच्या टोळीला तो कोणी शिकवला नव्हता. ती आपले सोबती आपण निवडते, कामाची वाटणी आपसात करते, एकाचा हात दुखावला तर दुसरा भरून काढतो, तोडणाऱ्याला भरताही येतं आणि मोळी बांधणारीला तोडताही येतं. स्वयंशासित गटाची पाठ्यपुस्तकातली सारी लक्षणं तिच्यात आहेत. मग समाधान का नाही? कारण गटाला कामावर ताबा आहे, हिशेबावर नाही. काटा कारखान्याचा, नोंद चिठ्ठी फाडणाऱ्या स्लिपबॉयची, उचलीची वही मुकादमाची. फडात आपण कसं राबायचं एवढंच टोळी ठरवते.

इथं कोणी म्हणेल की आपल्याकडच्या माणसाला लोकशाही शैली मानवतच नाही, त्याला मायबाप साहेब हवा असतो. हे मत मी कारखानदारांकडून ऐकलं आहे, शिक्षणसंस्थांच्या अध्यक्षांकडून ऐकलं आहे आणि मुकादमांकडूनही. त्याला आधार म्हणून पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांचं नाव घेतलं जातं. १९८० साली त्यांनी पुस्तकरूपाने मांडलं की भारतीय माणूस वरिष्ठाकडे वडीलधाऱ्याच्या नात्याने पाहतो. तेव्हा इथं चांगला चालतो तो माया करणारा, पण कामाशी बांधलेली माया करणारा नेता. काम कर, शीक, मी तुझ्या पाठीशी आहे. निरीक्षण खरं आहे. पण सिन्हांनी तिथं मुक्काम ठोकायला सांगितलं नव्हतं. माणूस तयार होत गेला की नेत्याने आपला हात सैल करत जायचं आणि निर्णयात त्याला बरोबरीने घ्यायचं, हा त्या मांडणीचा दुसरा अर्धा भाग होता. आपल्या मायबाप साहेबांनी पहिला अर्धा पाठ केला आणि दुसऱ्याचं पान चिकटलेलंच ठेवलं. वीस वर्षं ऊस तोडलेल्या जोडीला आजही टोळीत ‘पोरं’च म्हणतात.

मायबाप शैलीचं उत्तम रूप महाराष्ट्राने पाहिलेलं आहे, आणि त्याची टिंगल करायचं मला कारण नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या मुलखात, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर नांगराचा कारखाना उभा केला. बेळगावातली जागा सोडावी लागली होती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि कर्जही दिलं. लक्ष्मणरावांनी कामगारांना फक्त काम दिलं नाही, किर्लोस्करवाडी ही वसाहत वसवली. अस्पृश्यता वाडीत चालायची नाही असा दंडक घातला. शिक्षा भोगून आलेल्या, गावाने दार बंद केलेल्या माणसांना कामावर, आणि तेही राखणदारीच्या कामावर घेतलं. त्या काळात हे धाडस होतं, आणि किर्लोस्करवाडीतली माणसं पिढ्यान्पिढ्या तिथं टिकली ती केवळ पगारासाठी नव्हे. पण हे सारं एका माणसाच्या स्वभावावर उभं होतं. त्याच काळात महाराष्ट्रात शेकडो मालक होते. लक्ष्मणराव किती होते? सज्जन मालक मिळणं हे कामगाराचं नशीब ठरतं, आणि नशिबावर चालणाऱ्या गोष्टीला शैली म्हणून शिकवता येत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत तर नशिबाचं हे खातं जॉबरच्या हातात होतं. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाला कामावर लावायचा तोच, खोलीत जागा मिळवून द्यायचा तोच, उधार द्यायचा तोच, आणि दस्तुरी घ्यायचाही तोच. त्याची शैली काय होती? पुष्कळदा आपुलकीची होती. गावाकडचा माणूस, अडीनडीला उभा राहणारा. तरी रॉयल लेबर कमिशनने १९३१च्या अहवालात सांगितलं की भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या. १९३५ पासून गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली, ती या दिशेने टाकलेलं पाऊल होतं. कमिशनला जॉबर वाईट माणूस वाटला म्हणून ही शिफारस झाली नाही. एकाच माणसाच्या हातात नोकरी, छप्पर आणि कर्ज असलं की तो चांगला असला तरी त्याच्यापुढे कोणी तोंड उघडू शकत नाही, हे उघड होतं. आणखी मागे जायचं तर रविवारची सुट्टी आठवा. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळू लागली, ती कोणा मालकाच्या मनमिळाऊपणातून नाही. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंड्यांना १८८४ पासून सभा, अर्ज, सह्या असं सगळं करावं लागलं होतं. सुट्टी मिळाल्यावर गिरणीत साहेब तेच होते. कामगाराचा रविवार बदलला.

आता ‘समाधान’ या मोजमापाकडे वळतो, कारण मला त्याविषयी जास्तच शंका आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांना आकडेवारीत एक विचित्र गोष्ट दिसली. कामगार संघटनेचे सभासद असलेले लोक पाहणीत ‘मी असमाधानी आहे’ असं जास्त सांगत, पण नोकरी मात्र कमी सोडत. वरवर याचा मेळ बसत नाही. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचाराच्या उजेडात तो बसतो: संस्थेत काही बिघडलं की माणसाला दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा बोलणं. ज्याला बोलायची जागा आहे तो तक्रार करतो आणि राहतो. ज्याला ती नाही तो गप्प बसतो आणि संधी मिळताच निघून जातो. म्हणजे तक्रारींचा आवाज मोठा असणं हे कामाची जागा निरोगी असल्याचंही लक्षण असू शकतं. चाकणच्या बजाज कारखान्यात जून २०१३ मध्ये संप झाला, तेव्हा संघटनेच्या मागण्यांत प्रत्येक कामगाराला एक रुपयाने कंपनीचे ५०० शेअर द्या अशीही मागणी होती. पुष्कळांनी तिची थट्टा केली. इतका बरा पगार मिळवणाऱ्यांना अजून काय हवं, असा सूर होता. मागणी मान्य झाली नाही, संप पन्नास दिवसांच्या आसपास चालून संपला. मला त्यात वेगळंच दिसतं: पोट भरलेल्या कामगाराने, कारखान्यात माझाही वाटा आहे, हे बोलून दाखवण्याइतका धीर केला होता.

ऊसतोड कामगाराला दोन्ही वाटा बंद आहेत. उचलीमुळे निघून जाता येत नाही, आणि भिडेमुळे बोलता येत नाही. तुम्ही फडात जाऊन विचारा, मुकादम कसा आहे. ‘चांगला आहे की.’ काम कसं चाललंय? ‘चाललंय देवाच्या दयेनं.’ कोणत्याही कंपनीच्या पाहणीत अशा उत्तरांना पाचापैकी चार गुण मिळतील. अमर्त्य सेन यांनी वारंवार दाखवून दिलं आहे की फार काळ दबलेला माणूस अपेक्षाच आखडून घेतो, आणि मग त्याच्या समाधानाला पुरावा मानणं म्हणजे त्याच्या हतबलतेला पुरावा मानणं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. कारणं अनेक होती, त्यात डॉक्टरांची लोभी घाईही होती. पण बायका सांगत होत्या त्यातला एक शब्द सारखा कानावर येत होता: खाडा. पाळीच्या दुखण्याने दिवस बुडाला तर दंड, आणि त्याचा आकडा दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत जातो असं तेव्हा समोर आलं. दंड लावणाऱ्या मुकादमांत ‘माणूस बराय’ म्हणवले जाणारेही असणार. त्यांनी स्वतः खाडा सोसला असता तर खेप कमी भरली असती, आणि खेपेचा जाब त्यांना द्यायचा होता.

तर मग शैली म्हणजे काहीच नाही का? असं म्हणणं अतिरेक होईल, आणि टोळीतली कोणतीही बाई तो मला करू देणार नाही. दोन टोळ्या, एकच कारखाना, एकच दर. एका टोळीतली माणसं हंगाम संपल्यावर एकमेकांच्या लग्नाला जातात, दुसरीतली एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. फरक मुकादमाचाच असतो. शिवी आणि हाक यांतला फरक ज्याने रोज पहाटे ऐकला आहे त्याला तो लहान वाटत नाही. माझा आक्षेप एवढाच की चांगुलपणाने जे होऊ शकतं त्याची एक मर्यादा आहे, आणि ती आखणारा माणूस टोळीत नसतो.

ही मर्यादा हलवता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९६९चा माथाडी कायदा पाहा. तिथंही टोळी आहे, टोळीचा मुकादम आहे, पाठीवर पोतं आहे. बदललं ते पैशाचं वळण. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो. मंडळ ती कामगाराला देतं, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना सुटतो. मजुरी मुकादमाच्या खिशातून जात नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने हे मिळवलं. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने त्याआधीपासून याच दिशेने काम चालवलं होतं, आणि १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ काढून हमालाच्या जेवणाचीही सोय लावली. या व्यवस्थेतला टोळीचा मुकादम मी पाहतो तेव्हा मला तो ऊसतोडीच्या मुकादमापेक्षा स्वभावाने काही मोठा सद्गुणी दिसत नाही. ओरडतो तोही. पण त्याच्या ओरडण्याला समोरचा हमाल उलट ओरडतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही कामावर असतात. या उलट ओरडण्यात मला समाधानाची कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा पक्की खूण वाटते.

माथाडी मंडळांची आजची स्थिती गोंडस करून सांगायची नाही. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे त्यात घुसले, कारखानदारांच्या तक्रारींत तथ्य आहे, मंडळांचा कारभार ढिला आहे. कामगारांच्या हातात सारं दिलं की आपोआप सुटतं असंही नाही: कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेली, देशभर कौतुक झालं, पण दशकभराच्या आत ती डबघाईला आली. आपणच मालक झालो तरी कोणीतरी रोज निर्णय घ्यावे लागतात, आणि ते घेण्याचं कसब लागतं. धाराशिव जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. ढोकीचा तेरणा सहकारी कारखाना सभासदांच्याच मालकीचा होता, आणि तो वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेला साऱ्यांनी पाहिला. तरी बिघडलेलं मंडळ दुरुस्त करता येतं, त्याच्यावर मोर्चा नेता येतो, न्यायालयात जाता येतं. मुकादमाच्या स्वभावावर मोर्चा नेता येत नाही.

ईटकडची पोरं आता फक्त उसाला जात नाहीत. चाकण, रांजणगाव, भोसरीत ती कंत्राटदाराकडे कामाला असतात, अंगावर कंपनीचा शर्ट आणि खिशात कंत्राटदाराचं ओळखपत्र. सुपरवायझर कंपनीचा, पगार कंत्राटदाराचा, आणि सात-आठ महिन्यांनी ‘ब्रेक’. कंत्राटी कामगारांसाठी १९७०चा कायदा झाला तो ही लपाछपी थांबवायला. लपायच्या जागा मात्र वाढतच गेल्या. उचल नाही, हा मोठा फरक, आणि म्हणूनच ही पोरं मालक पटला नाही तर महिन्याभरात दुसऱ्या गेटवर उभी राहतात. कंपन्यांचे अधिकारी याला नव्या पिढीची धरसोड म्हणतात आणि तिला टिकवायला वाढदिवसाचे केक कापतात. बोलायला जागा दिली नाही तर माणूस निघूनच जाणार, एवढी साधी गोष्ट केक कापताना कोणाला आठवत नाही. याच पोरांचे आईबाप मात्र त्याच वर्षी, त्याच मुकादमाकडे, फिरलेल्या बाकीसकट निघालेले असतात.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आता अस्तित्वात आहे. गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलेलं आहे. मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, नोंदणी आणि ओळखपत्रांचं काम सुरू झालेलं आहे. हे सारं कल्याणाच्या खात्यातलं आहे आणि हवंच आहे. पण महामंडळाने अजून पैशाच्या वळणाला हात घातलेला नाही, आणि तो घातल्याशिवाय मुकादमाला बदलायला सांगणं अन्यायाचं आहे. त्याच्यावरही आणि टोळीवरही. भूम-परंडा-वाशीच्या लोकप्रतिनिधींनी, आणि साखर कारखान्यांच्या संचालकांनीही, येत्या हंगामाच्या आधी तीन कागद करून दाखवावेत: उचलीची पावती नवरा आणि बायको दोघांच्या नावाने, टनाची मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या बँक खात्यांत थेट, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर दोघांचं नाव. मुकादमाला टोळी सांभाळायचा मोबदला जरूर द्या, चांगला द्या. वही त्याच्या हातातून काढून घ्या.